अवेळी पडलेला बर्फ : आपापले अनुभव लिहा

भर हिवाळ्यातल्या बर्फाविषयी आपण सर्वांनीच पुष्कळ लिहिले आहे. येथे मात्र लोकरीचे कपडे बासनात गेल्यावर, झाडांना पालवी फुटल्यावर पडलेल्या बर्फाच्या आठवणी लिहाव्यात, ही विनंती. सुरुवात मीच करते.

मे २०२२ मध्ये आम्ही डेन्व्हरला राहत होतो. १९ तारखेला पारा ३१ अंश सेल्सियसपर्यंत चढला होता आणि दुसऱ्याच दिवशी पावसाचा बर्फ झाला. मदर्स डे उलटल्याशिवाय टोमॅटोची रोपे जमिनीत लावू नयेत, असा तिथल्या बागप्रेमींचा दंडक आहे. तो पाळूनही आमची रोपे सापडलीच. हिवाळाभर खिडकीशी जपलेली आणि नुकतीच अंगणात ठेवलेली कढीपत्त्याची कुंडी मात्र वेळेवर आत आणली. रात्री फांद्या मोडल्याचे कडाडकन आवाज येत राहिले. पर्णहीन फांदीवरून बर्फ बराचसा घसरून जातो, परंतु पाने आलेल्या फांदीवर तो साचतो आणि तिला वाकवतो. शेजारच्या आजोबांनी दाखवल्याप्रमाणे मी लांब दांड्याच्या झाडूने फांद्या खालून वर हलकेच उचलत गेले, कारण वरून ओढले तर आधीच ताणलेली फांदी तुटते. बर्फाचा लोंदा मानेवर पडून पाठीत शिरला की मे महिना आहे हे पार विसरायला होते.

बॉस्टनहून : आमच्याकडे १९९७ साली पालवी फुटलेली नव्हती, तरी झाडे पडलीच. ३० मार्चला, ईस्टरच्या रविवारी, लोक स्वेटर काढून नदीकाठी हिंडत होते. सोमवारी पाऊस सुरू झाला, त्याचा बर्फ झाला आणि मंगळवारी, १ एप्रिलला, वादळ ओसरले तेव्हा लोगन विमानतळावर २५.४ इंच बर्फाची नोंद झाली होती. तापमान शून्याच्या आसपास असले की बर्फात पाणी जास्त राहते. तो भुरभुरीत नसतो, तारांना आणि फांद्यांना चिकटून बसतो. जानेवारीत फावड्याने सहज उडवता येणारा बर्फ आणि हा, यांत पोहे आणि भिजवलेले पोहे यांच्याइतका फरक असतो! पुढच्याच मंगळवारी गुढीपाडवा होता. वाहनतळाच्या कडेला रचलेले, काळवंडलेले ढिगारे तोवर वितळले नव्हते आणि त्यांच्यासमोरच्या गॅलरीत आम्ही गुढी उभारली. कडुनिंबाची पाने अर्थातच मिळाली नाहीत.

मँचेस्टरहून : मी स्वतः पाहिलेला उशिराचा बर्फ म्हणजे ६ एप्रिल २००८ चा, लंडनमधला, त्याच दिवशी ऑलिंपिकची मशाल शहरातून जात होती. पण इथले जुने क्रिकेटप्रेमी त्याला उशिराचा मानतच नाहीत, कारण त्यांच्याकडे बक्स्टनची गोष्ट आहे. डर्बीशायर आणि लँकेशायर यांच्या सामन्यात शनिवारी क्लाइव्ह लॉइडने नाबाद १६७ धावा केल्या आणि सोमवारी, २ जून १९७५ रोजी, मैदान बर्फाने झाकल्यामुळे खेळच झाला नाही. मंगळवारी वितळलेल्या बर्फाने ओल्या झालेल्या खेळपट्टीवर डर्बीशायरचे डाव ४२ आणि ८७ धावांत आटोपले. माझे सासरे हे आकडे आजही तोंडपाठ सांगतात.

नाशिकहून : आमचा अनुभव परदेशातला नाही. २०२३ मध्ये केदारनाथाचे दरवाजे २५ एप्रिलला उघडले, त्या सुमारास बर्फवृष्टीमुळे यात्रेकरूंची नोंदणी काही दिवस थांबवली होती. आम्ही खालीच अडकलो. गटातल्या एका मावशींनी नऊवारीवर स्वेटर, त्यावर रेनकोट आणि कानाला मफलर असा जामानिमा केला होता, तरी त्या कुडकुडतच होत्या. खेचरवाल्यांना त्याचे काहीच नवल वाटले नाही. साडेतीन हजार मीटरवर एप्रिलअखेरचा बर्फ नेहमीचाच, असे ते म्हणाले. अवेळी होता तो आमच्या परतीच्या आरक्षणाच्या दृष्टीने. दरवाजे उघडण्याच्या सुमारास जाणाऱ्यांनी हाताशी दोन-तीन दिवस जास्तीचे ठेवावेत.