सल्ला हवा: बायपासचं कोडिंग शिकायला क्लास लावू की घरीच करू?

बकुळी:
नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यातली. बी.फार्म. झालंय, सध्या मेडिकलच्या दुकानात बसते. सीपीसीची (कोडरची अमेरिकन परीक्षा) परीक्षा देऊन मेडिकल कोडिंगमध्ये, म्हणजे आजार-उपचार विम्याच्या बिलासाठी ठरावीक कोडांत लिहिण्याच्या कामात, शिरायचा विचार आहे. आयसीडीचा (आजारांचे कोड) बराच भाग घरी वाचून जमला, पण हृदयाशी येऊन गाडी अडली. सरावात एक बायपासची केस आहे: लिमा (छातीतली धमनी) एलएडीला, सॅफेनस व्हेन (पायातली शीर) ओएमला आणि दुसरी पीडीएला (एलएडी, ओएम, पीडीए या हृदयाच्या धमन्या). उत्तर ३३५३३ आणि ३३५१८. ग्राफ्ट (रक्ताला दिलेल्या नव्या वाटा) तीन, मग एकच कोड का नाही? शिवाय ठाण्याचा एक ऑनलाइन क्लास नोकरीची हमी देतोय, फी मात्र घसघशीत आहे. लावावा का? पुस्तकं कोणती घेऊ? आणि घरून काम मिळतं का? जाणकारांनी सांगावं.

खाडीपलीकडे:
क्लासचं नंतर बघू, आधी केस. सीपीटीत (उपचारांच्या कोडांचं पुस्तक) बायपासची तीन घरं आहेत. फक्त शिरा वापरल्या असतील तर ३३५१० ते ३३५१६. धमनी असेल तर ३३५३३ ते ३३५३६. दोन्ही असतील तर धमनीचा कोड आधी, आणि शिरांसाठी ३३५१७ ते ३३५२३ मधला जोडकोड. हा जोडकोड एकटा कधीच जात नाही. तुझ्या केसमध्ये लिमा ही एक धमनी, म्हणून ३३५३३. शिरांचे जोड दोन, म्हणून ३३५१८. तिन्ही शिरा असत्या तरच ३३५१२ आला असता.

मोजायचे ते हृदयाच्या धमनीला शिवलेले खालचे जोड, म्हणजे डिस्टल अनास्टोमोसिस. एकच शीर ओएम-१ ला शिवून तशीच पुढे ओएम-२ पर्यंत नेली, तर शीर एक पण जोड दोन. सर्जनच्या ऑपरेशन नोटच्या मथळ्यावर 'सीएबीजी गुणिले चार' (म्हणजे चार बायपास) लिहिलेलं असलं तरी आतला मजकूर वाचून स्वतः मोज. जुळलं नाही तर डॉक्टरांना क्वेरी टाकायची, आपल्या मनाने ठरवायचं नाही.

पायातली शीर काढण्याचा वेगळा कोड सीपीटीत लागत नाही, ते काम मूळ कोडातच धरलेलं आहे. दुर्बिणीने काढली असेल तर ३३५०८ जोडायचा. हातातली रेडियल धमनी चिरा देऊन काढली तर ३५६००. हार्ट-लंग मशीनवर केलं की धडधडत्या हृदयावर, यावरून सीपीटीचा बायपास कोड बदलत नाही. यावर प्रश्न हमखास येतो.

थिएटर_सिस्टर:
मी कोडर नाही, पण हृदयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काम केलंय. लिमा छातीच्या डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आतून खाली उतरते. सर्जन सहसा तिचं वरचं टोक तोडत नाहीत. खालचं टोक सोडवून एलएडीला शिवतात, रक्त तिच्या मूळ उगमातूनच येत राहतं. पायाची शीर मात्र दोन्हीकडून सुटी. वरचं टोक महाधमनीला, खालचं कोरोनरीला. वाडी शिंपणाऱ्याला सांगायचं तर लिमा म्हणजे चालू पाट दुसऱ्या अळ्यात वळवणं आणि शीर म्हणजे टाकीपासून नवा पाइप टाकणं. शिरेत झडपा असतात म्हणून ती उलटी करून लावतात. नोटमध्ये 'रिव्हर्स्ड' दिसलं तर घाबरायचं नाही.

खाडीपलीकडे:
सिस्टर, हे आम्हाला कोणी शिकवत नाही हो! पीसीएसचं (आयसीडीचा हॉस्पिटलातल्या शस्त्रक्रियांचा भाग) गणित यावरच आहे. लिमा जागेवरून सुटलेली नाही, म्हणून कोडात उपकरणाच्या जागी झेड (काही नाही) आणि शेवटी ९ (लिमा): ०२१००झेड९. शिरेचे दोन जोड महाधमनीपासून, म्हणून ०२११०९डब्ल्यू. इथे शीर काढल्याचा कोड वेगळा द्यावा लागतो, सीपीटीच्या अगदी उलट. मशीन वापरलं असेल तर ५ए१२२१झेड. पण बकुळी, सीपीसीला पीसीएस नाही. ते सीसीएस या दुसऱ्या परीक्षेला. आत्ता त्यात अडकू नकोस.

कुडाळचो:
गो बाय, हमीवाल्या क्लासांचा सांगतंय. माझ्या चेडवान असोच एक लावलेलो. हमी म्हणजे काय, तर बायोडेटा चार कंपन्यांक पाठवल्यानी आणि हात वर केल्यानी. पैशे परत मागल्यावर फोन उचलूक तयार नाय. शेवटाक चेडू घरात बसानच पास झाला. पैशे भरूची घाई करू नको.

पोह्याचा_पापड:
थोडं कडू बोलतो. बायपास कितीही शिकलीस तरी पहिल्या नोकरीत सर्जरी क्वचितच देतात. फ्रेशरला बहुतेक रेडिओलॉजी, ईडी (इमर्जन्सी विभाग) नाहीतर रिस्क ॲडजस्टमेंट (पेशंट किती आजारी ते निदानांवरून मांडणं) मिळतं, आणि रिस्कमध्ये निदानाचे कोड पक्के लागतात. तिथे हे कोड घोटून घे.

कोरोनरीचा आजार, छातीत दुखणं नाही: आय२५.१०. आजार आणि अनस्टेबल अंजायना (हृदयामुळे छातीत दुखणं) दोन्ही लिहिलेलं असेल तर आय२५.११०, एकच जोडलेला कोड, आय२०.० वेगळा लावायचा नाही. दोघांचा संबंध डॉक्टरांनी वेगळा लिहिला नसला तरी धरून चालायचं, हा गाइडलाइन्सचा नियम आहे. जुनी बायपास झालेली असेल तर झेड९५.१, जुना स्टेंट झेड९५.५. झटका येऊन चार आठवडे उलटेपर्यंत आय२१, त्यानंतर जुना झटका म्हणून आय२५.२. आणि बायपासवाल्याला पुन्हा अंजायना झाला तर ब्लॉक मूळ धमनीत आहे की ग्राफ्टमध्ये ते बघायचं, कारण ग्राफ्टसाठी आय२५.७ चं वेगळं घर आहे. नवशिक्यांचे मार्क इथेच जातात.

पुस्तकांचं म्हणशील तर आयसीडीच्या फायली आणि गाइडलाइन्स सीएमएसच्या (अमेरिकेचं सरकारी आरोग्यविमा खातं) साइटवर फुकट आहेत, त्यावर पैसे घालवू नकोस. सीपीटीचे हक्क अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे, ते पुस्तक विकतच घ्यावं लागतं. सरावाला मागच्या वर्षीचं सेकंडहँड चालेल, परीक्षेआधी नवं घे. आयसीडी दर १ ऑक्टोबरला बदलतं, सीपीटी १ जानेवारीला. परीक्षेत १०० प्रश्न, ४ तास, ७० टक्क्यांना पास. पुस्तक उघडून लिहायची, म्हणून पानांवर खुणा करायची सवय आतापासून लाव.

घरून काम फ्रेशरला अवघड. आधी ऐरोली, पुणे नाहीतर चेन्नई-हैदराबाद, अनुभवानंतर गावाकडे. पावसाळ्यात आपल्याकडे लाइटचं काय होतं ते टीम लीडला समजावून दमायला होतं, तो भाग निराळाच.

अवांतर: गावाजवळच काही हवं असेल तर मोठ्या हॉस्पिटलच्या कॅशलेस डेस्कवर विचार. विम्याच्या क्लेम फॉर्मवर आयसीडी-१० चा रकाना असतोच. महात्मा फुले योजनेत मात्र पॅकेजचे कोड, तिथे सीपीटीचं काही चालत नाही.

बकुळी:
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, क्लास रद्द. सिस्टर, पाट वाचल्यावर पीसीएसचा तक्ता आपोआप कळला. एकच शंका: पहिली बायपास झालेल्या पेशंटची दुसऱ्यांदा केली तर?

खाडीपलीकडे:
नेहमीचे कोड तसेच, वर ३३५३० जोडायचा. पण पहिल्या ऑपरेशनला महिना उलटून गेलेला हवा. त्याच आठवड्यात रक्तस्रावासाठी छाती पुन्हा उघडली, तर हा कोड नाही.