पिरोटनला स्कूबा डायव्हिंग करता येईल का?

प्रश्न: आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो. मालवणपेक्षा जामनगरजवळचे पिरोटन बेट, जे १९८२ साली घोषित झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात येते, आम्हांस सोयीचे वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: कच्छच्या आखातात भरती-ओहोटीची ओढ जबरदस्त असून पाणी गाळाने गढूळ राहते, त्यामुळे तेथे डायव्हिंगचा आग्रह धरू नये. त्याऐवजी वनखात्याच्या परवानगीने याच उद्यानातील नरारा येथे ओहोटीच्या वेळी पायी चालत प्रवाळ, ऑक्टोपस आणि समुद्री काकडी पाहता येतात, आणि मला तरी तेच अधिक समाधानाचे वाटते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी मोठी असते, तेव्हा पंचांग पाहूनच निघावे.

उत्तर २: डायव्हिंगच हवे असेल, तर पावसाळा टाळून मालवण गाठावे. एकाहून अधिक डाइव्ह केल्यास विमानप्रवासापूर्वी किमान १८ तास थांबावे लागते. कोकण रेल्वेने परतणाऱ्यास ही अडचण नाही.