एकट्याने कनू वल्हवताना ‘ट्रिम’ला मराठीत काय म्हणावे?

शब्दवेडी: कनू (वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी नाव) वल्हवण्याविषयीच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करताना ‘ट्रिम’पाशी माझे काम अडले आहे. मी ‘तोल’ असे लिहिले होते. परंतु पुढेच ‘समोरून वारा असताना तोल नाळेकडे झुकता ठेवावा’ (नाळ म्हणजे नावेचे पुढचे टोक) असे वाक्य आले आणि झुकला तो तोल कसला, असा आक्षेप पहिल्याच वाचकाने घेतला.

पाणकावळा: आक्षेप रास्त आहे. तोल जातो तो डाव्या-उजव्या कुशीवर. ट्रिम म्हणजे नाव लांबीच्या दिशेने पाण्यात कशी बसली आहे ते. दोघांच्या कनूत एकटा माणूस मागच्या आसनावर बसला, की नाळ पाण्याबाहेर उचलली जाते आणि बाजूचा वारा तिला ढकलत नेतो, मग कितीही वल्हे मारले तरी ती सरळ येत नाही. म्हणून एकटा वल्हवणारा मध्याच्या किंचित मागे गुडघे टेकतो किंवा, दोन्ही टोके सारखी असतील तर, पुढच्या आसनावर उलट्या दिशेला तोंड करून बसतो. सामानही समोरच्या वाऱ्यात पुढे आणि पाठीवरच्या वाऱ्यात मागे सरकवतात. मी याला ‘नावेची बैठक’ म्हणेन.

मोडीवाचक: ‘बैठक’ वाचून बसायची फळीच डोळ्यांसमोर येईल. ‘नीरम’ हा आपला जुना शब्द असताना नवे कशाला घडवायचे?

पाणकावळा: नीरम म्हणजे स्थैर्यासाठी नावेत ठेवलेले वजन. ते हलवल्याने ट्रिम बदलते. ती दोन्ही एक नव्हेत.

उंबरठा: मग ‘ट्रिम’च ठेवावे. सुकाणू अरबी ‘सुक्कान’वरून आले आणि कनू हा शब्द कॅरिबियन बेटांवरील आरावाक भाषांतून स्पॅनिशमार्गे जगभर पसरला. त्यांना घरात घेतले, मग यालाच दाराबाहेर का ठेवावे?

मोडीवाचक: कारण मराठीत ‘ट्रिम करणे’ म्हणजे केस किंवा झाडे कापणे हे रुळले आहे. ‘नाव ट्रिम करा’ या वाक्याचा नवख्या वाचकाने काय अर्थ लावावा? परका शब्द घेण्याला माझा विरोध नाही, संदिग्ध शब्द घेण्याला आहे.

शब्दवेडी: ‘लांबीचा तोल’ कसा वाटतो? तसे केल्यास ‘आडवा तोल’ही आपोआप मिळतो.

पाणकावळा: तेथे नवा पेच आहे. कॅनडातील पद्धतीत एकटा वल्हवणारा दोन्ही गुडघे एकाच कडेशी टेकून नाव मुद्दाम वल्ह्याच्या बाजूला कलवतो; टोके पाण्यातून थोडी सुटतात आणि ती चटकन वळते. हा आडवा तोल बिघडवणे नव्हे, साधणेच आहे. त्याला काय म्हणणार?

उंबरठा: ‘कल देणे’.

मोडीवाचक: ‘कल’ लांबीच्या दिशेनेही असू शकतो. ‘कुशीवर घेणे’ म्हणावे.