कोत्नारीची द्राक्षं एवढ्या उत्तरेला इतकी गोड कशी?

वेलमांडव: रोमेनियातलं गोड वाइनचं गाव कोत्नारी याश जिल्ह्यात, ४७ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर. तरी तिथल्या ग्रासा जातीच्या रसात साखर लिटरला २४० ग्रॅमच्या पुढे जाते. हे जमिनीमुळे, हवेमुळे की जातीमुळे? आणि ही जात नाशिककडे लावली तर?

चुनखडी: आधी हवा. पश्चिमेच्या डोंगररांगेवरून उतरणारा वारा खाली येताना तापतो, कोरडा होतो. त्यामुळे शरद ऋतू लांबतो आणि घड वेलीवर उशिरापर्यंत ठेवता येतात. बागा दक्षिणेकडच्या उतारांवर असतात, म्हणजे तिरपं ऊनही पुरेपूर मिळतं. हिवाळा मात्र कडक. पारा उणे २० च्या खाली गेला की वेलीचे डोळे (फुटवे येणाऱ्या कळ्या) जळतात, म्हणून छाटणीआधी बुंध्याला माती चढवतात.

जमीन काही ठिकाणी काळी सुपीक, काही ठिकाणी चुनखडीवरची उथळ. उथळ जमिनीत वाढीचा जोर कमी, घड मोकळे. पण चुना जास्त असेल तर वेल लोह उचलू शकत नाही आणि शिरा हिरव्या राहून पान पिवळं पडतं. अशा जागी खुंट (ज्या मुळाच्या वेलीवर कलम करतात तो) चुना सोसणाराच हवा. ४१ बी चालतो, रिपारिया ग्लोआर अजिबात नाही.

मणीकूज: जमिनीला एवढं श्रेय नको, खरी गंमत सालीत आहे. ग्रासा म्हणजे ‘लठ्ठ’. मणी मोठा, साल पातळ. सकाळच्या दवात बोट्रायटिस बुरशी सालीला सूक्ष्म छिद्रं पाडते, दुपारच्या वाऱ्यात पाणी उडतं, मणी मनुक्यासारखा आकसतो. साखर तयार होत नाही, दाट होते. दव असलं पण दुपार कोरडी गेली नाही, तर तीच बुरशी करडी कूज करते. मग रसाला व्हिनेगरचा वास.

म्हणून तोडणी दोन-तीन फेऱ्यांत, मणी निवडून. बुरशीचं लॅकेज विकर रस तपकिरी करतं आणि ते रस टिकवायला घालतात त्या सल्फरला सहज दबत नाही. रस झटपट थंड करा, हवा लागू देऊ नका.

वेलमांडव: मग कोत्नारीच्या वाइनमध्ये ग्रासाबरोबर आणखी तीन जाती मिसळायचे, त्या कशाला?

मणीकूज: ग्रासा एकटी बोजड लागते. परंपरेने फ्रिंकुशा आंबटपणासाठी, तमायोआसा वासासाठी (नाव ‘धूप’ या शब्दावरून) आणि फेतेआस्का आल्बा मऊपणासाठी मिसळायचे. आता बहुतेक वाइन वेगवेगळ्या भरतात. माझ्या मते त्यात काहीतरी हरवलंच.

चुनखडी: नाशिकचं राहिलंच. तिथे वेल हिवाळ्यात झोपत नाही, छाटणी दोनदा. माल पिकतो फेब्रुवारी-मार्चच्या वाढत्या उन्हात, त्यामुळे आम्ल झपाट्याने उतरतं. अवकाळी पाऊस आला तर ही पातळ साल तडकेल आणि साधी कूज लागेल. लावायचीच असेल तर आधी दोन ओळी लावून बघा.