थार रॉक्स: दोन दारं वाढली, पोटाखालचं काय? (अनुभव धागा)

कातळवाट
सिग्नलला शेजारी रॉक्स, म्हणजे महिंद्राची पाच दारी थार, येऊन थांबली. मागच्या खांबावर उभं बसवलेलं ते हँडल बघितलं आणि एकदम महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० जीपच्या ताडपत्रीचे बंद आठवले. मागे बसायचं तर बंद सोडा, फळी पाडा, बंपरवर पाय द्या, डोकं वाकवा. इथे सरळ दार.
आठवण इथेच संपली, कारण नॉस्टॅल्जियाचे धागे पोत्याने आहेत. कामाचं बोलू. २०२० च्या तीन दारी थारचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४५० मिमी, रॉक्सचा २८५०. म्हणजे ४०० मिमी वाढ, आणि ती सगळी दोन चाकांच्या मधे. नाक न घासता चढायचा पुढचा कोन ४१.७ अंश, बूड न घासता उतरायचा मागचा ३६.१, दोन्ही जवळपास होते तिथेच. पडला तो मधला, रॅम्पओव्हर, म्हणजे पोट न टेकता उंचवटा ओलांडायचा कोन: २७ वरून २३.९.
ज्यांनी गाडी चिखलात, बांधावर, ओढ्यात घातली आहे त्यांनी लिहा. काय घासतं, का घासतं, टायरात हवा किती, काय तपासायचं. ‘माझी पहिली जीप’ छाप कहाण्या कृपया दुसरीकडे.

गिअरबदलू
पहिला नंबर! सविस्तर रात्री.

ढोबळगणित
कोनाचं गणित करून बघितलं, सोपं आहे. व्हीलबेसचा निम्मा गुणिले निम्म्या कोनाचा टॅन, म्हणजे पोटाखालची मोकळी उंची.
तीन दारी: १२२५ × टॅन १३.५ = साधारण २९४ मिमी.
रॉक्स: १४२५ × टॅन ११.९५ = साधारण ३०२ मिमी.
म्हणजे पोट खाली आलेलं नाही, उलट केसभर वर आहे. कोन गेला तो निव्वळ लांबीने. आता रॉक्सला परत २७ अंश हवे असतील तर ३४२ मिमी लागतील, म्हणजे ४० मिमी उचला. २५५/६५ आर १८ काढून २५५/७० घातले तर व्यास २५ मिमी वाढतो, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, जेमतेम १३ मिमी. कोन एक अंशाने सुधारतो. शिवाय मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी तीन टक्के जास्त पळत असेल.
(गणित ढोबळ आहे, सगळ्यात खाली लोंबणारी वस्तू बरोबर मधोमध असतेच असं नाही.)

पाटे_तुटले
उरलेले मिमी लिफ्ट किटने काढू म्हणणाऱ्यांसाठी: पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट आहे. स्पेसर घालून गाडी उचलली की सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा वाकणारा सांधा) कायम वाकलेल्या कोनात फिरतो. आधी रबरी बूट चिरतो, ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडतं, मग त्यात लाल माती, मग वळताना कटकट. बूट वेळेत बदलला तर काम थोडक्यात आटपतं, कटकट सुरू झाल्यावर आख्खा शाफ्ट. उचललीच असेल तर दर धुण्याला चाक पूर्ण वळवून आत टॉर्च मारा. अलाइनमेंट लगेच, आणि ५०० किमीने पुन्हा.

बांधावरून
कोनाच्या आधी पायदान! बाजूला हौसेने लावलेली ती पायरी चासीच्या खाली लोंबते आणि बांधावर सगळ्यात आधी तीच टेकते. वाकली की दाराचा खालचा पत्रा घेऊन जाते. शेतात जायचं असेल तर बोल्ट काढून पायदान घरी ठेवा. आजी-आजोबांना चढायला पाट द्या :)
आता बांध. तीन दारीच्या सवयीने लोक समोरासमोर चढतात. पुढची दोन्ही चाकं उतरली, मागची अजून खालीच, आणि गाडी पोटावर झुला. रॉक्सने बुटका बांध तिरका घ्यायचा, साधारण ३० ते ४५ अंशात. एकेक चाक चढतं, उरलेली तीन जमिनीवरून ढकलतात, माथ्यावर कुठलं ना कुठलं चाक असल्यामुळे पोट उचललेलं राहतं. एक चाक हवेत जाणारच, म्हणून डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) आधीच दाबून ठेवा. बांध कमरेएवढा असेल तर मात्र तिरकं जाऊ नका, गाडी कलंडते. तिथे फावडं काढून माथा खरवडणं हाच उपाय. शेतमालकाला विचारून!!

कोल्हापूरचा_रस्सा
पाट 😂😂 नाद खुळा. ॲव्हरेज किती देती पण?

कातळवाट
@रस्सा, तुमचीच वाट बघत होतो.

गिअरबदलू
रात्र झाली. लॉकबद्दल.
तीन दारीत ज्या व्हेरियंटला मेकॅनिकल लॉक आहे, तिथे बटण नाही. मागच्या दोन चाकांच्या फेऱ्यांत मिनिटाला साधारण १०० चा फरक पडला की तो आपोआप पकडतो आणि ३० च्या थोडं वर वेग गेला की सुटतो. लोकांची चूक अशी की चाक फिरायला लागलं की घाबरून पाय काढतात. फरक १०० वर जातच नाही, लॉक लागत नाही, आणि ‘लॉक चालत नाही’ म्हणून गॅरेज. पाय स्थिर ठेवा, चाक फिरू द्या, मागून खट् आवाज येईल, त्यानंतर हळू. उलट चूकही आहे: चाक गरगरा फिरवायचं आणि त्यातच खट्. तो झटका ॲक्सल शाफ्ट खातो.
रॉक्सच्या फोर-बाय-फोरला लॉक इलेक्ट्रॉनिक, बटणाचा. इथे क्रम उलटा. अडथळ्याच्या आधी, थांबलेल्या गाडीत दाबायचा. चाक फिरत असताना नाही, आतले दात एकमेकांवर आपटतात. आणि वळायच्या आधी सोडायचा. लॉक लावून वळवलं की गाडी नाक सरळ ठेवून पुढेच जाते, दरीच्या बाजूला हे लक्षात यायला उशीर झालेला असतो. बटण बंद करूनही दिवा गेला नाही तर घाबरू नका, दात ताणाखाली अडकलेत. दोन मीटर मागे-पुढे, स्टिअरिंग थोडं डावं-उजवं, सुटतो.

नवीन_मालक_२४
दादा, फोर एच (चारही चाकांना ताकद) लावून घाटात चालवली तर ग्रिप जास्त मिळते ना? शोरूममध्ये तसं म्हणाले.

पाटे_तुटले
कोरड्या डांबरावर बिलकूल नाही. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारं सेंटर डिफरन्शियल मधे नाहीये. वळताना पुढची चाकं मोठ्या गोलात फिरतात, मागची लहान. चिखलात तो फरक चाक घसरून भरून निघतो, डांबरावर निघत नाही, मग ताण ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत) साठतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते, टू एच ला (फक्त मागची चाकं) यायला लिव्हर हलत नाही. तसं झालं तर लिव्हरशी कुस्ती करू नका, सरळ रेषेत पाच-सात मीटर रिव्हर्स घ्या, ताण सुटतो. पाऊस, चिखल, खडी असेल तरच फोर एच. लो रेंजला (कमी वेग, जास्त ओढ) जायचं ते गाडी थांबवून, गिअर न्यूट्रलला.

नवीन_मालक_२४
बापरे. धन्यवाद.

मीठमसाला
वाचतेय. कुकरच्या शिट्ट्या मोजत. मला फक्त एक कळत नाही, गाडी लाल मातीत घालायची आणि आतून सीट पांढरे? हे कुणी ठरवलं असेल?

बांधावरून
ज्याने कधी स्वतः गाडी धुतली नाही त्याने, ताई. म्हणूनच फोर-बाय-फोरला नंतर तपकिरी रंग आला असावा.

मीठमसाला
तरी ज्यांच्याकडे पांढरे आहेत त्यांच्यासाठी: ओला चिखल पुसू नका, शिवणीत आणि भोकांत जातो. वाळू द्या, मऊ ब्रशने झाडा, व्हॅक्यूम करा, मग कोमट पाण्यात दोन थेंब सौम्य साबण, पिळलेलं फडकं. नव्या जीनचा निळा डाग त्याच दिवशी काढा, उन्हात पक्का होतो. चौथी शिट्टी झाली.

ढोबळगणित
टायरचं राहिलं. वरच्या व्हेरियंटला २५५/६० आर १९, खालच्यांना २५५/६५ आर १८. दोन्हींचा बाहेरचा व्यास सारखाच, ७८९ मिमी. फरक रबराच्या भिंतीत: १९ ला १५३ मिमी, १८ ला १६६. हवा कमी केल्यावर जी भिंत फुगून चाकाचा पाय लांब करते ती हीच, आणि दगडावर रिम वाचवते तीही हीच. तीन दारीच्या जुन्या २४५/७५ आर १६ ला तर १८४ होती. म्हणजे शोभेसाठी महागडं मोठं रिम घ्यायचं आणि मातीत स्वस्तवाल्याच्या मागे राहायचं.

वाळूतला_मालवणी
दुबईहून. रॉक्स चालवली नाही, पण वाळू ती वाळूच. सपाट वाळूत १५, मऊ ढिगात १२ पीएसआय. त्याखाली गेलात तर वळताना टायर रिमवरून उतरतो. चिखलात १८ ते २० पुरे, नाहीतर दगडाने भिंत कापते. हवा काढली की झटकन वळण नको, जोरात ब्रेक नको. रुतली तर पाय काढा, लगेच. चार फेऱ्यांत ॲक्सलचं हाउसिंग टेकतं, मग फावड्याशिवाय सुटका नाही. आणि आमच्या कोकणच्या किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी नाय हां. भरती कुणासाठी थांबत नाय, गुन्हाही दाखल होतो. गोव्यात तर कायद्यानेच बंद.

बांधावरून
कॉम्प्रेसर बॅटरीच्या चिमट्यांवर चालणारा घ्या. लायटरच्या सॉकेटवरचा छोटा या मापाच्या टायरला धापा टाकतो, फ्यूज उडवतो. दोन टायर भरले की त्याला दहा मिनिटं थंड होऊ द्या. आणि हवा न भरता हायवेला लागू नका, भिंत तापून टायर फुटतो.

अर्धी_बादली
पाणी. कंपनी ६५० मिमी म्हणते. टायर ७८९ चा, म्हणजे टायरचा वरचा वीतभराहून कमी भाग कोरडा दिसला पाहिजे. पण हे संथ पाण्याचं माप. वाहत्या ओढ्यात गुडघ्याच्या वर असेल तर नाहीच, गाडी तरंगून सरकते. आधी काठी घेऊन चालत जा. चालत जाता येत नसेल तर गाडीही नेऊ नका.
लो रेंज, पहिला किंवा दुसरा, एकसारखा वेग, पुढे लाट ढकलत. मधे क्लच नाही. बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका!! सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. टो करून बाहेर, मग एअर फिल्टर उघडून बघा.
सगळे विसरतात ते ब्रीदर, म्हणजे ॲक्सलला श्वास घ्यायची नळी. तापलेलं डिफरन्शियल हाउसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढून घेते. ब्रीदर मातीने बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी ऑइलचा फिलर प्लग काढून बोट बुडवा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर तसंच चालवू नका, बदला. नाहीतर महिन्याभरात बेअरिंग ओरडायला लागतं. आणि प्लग उघडताना फिलर आधी. ड्रेन आधी उघडला आणि फिलर जाम निघाला तर गाडी तिथेच उभी.

गिअरबदलू
शेवटच्या वाक्याला दंडवत _/\_

आकुर्डी_लोकल
सगळं ठीक. पण पुण्याच्या माणसाने इथल्याच फोर्सची गुरखा सोडून थारचं कौतुक वाचायचं? पाच दारी गुरखा, व्हीलबेस २८२५, ग्राउंड क्लिअरन्स २३३, पाणी ७०० मिमी, पुढे-मागे दोन्हीकडे लॉक, स्नॉर्कल (उंचावरून हवा घेणारी नळी) कंपनीचाच.

पाटे_तुटले
आणि ऑटोमॅटिक नाही, घरचे बसायला तयार नाहीत. पुढचा लॉक मात्र खरंच हेवा वाटण्यासारखा.

ढोबळगणित
मजा म्हणजे एवढी ‘छोटी’ मारुतीची पाच दारी जिम्नी, व्हीलबेस २५९०, तिचाही रॅम्पओव्हर २४ च. क्लिअरन्स २१० असल्यामुळे. रॉक्स आणि जिम्नी दोघी २४ वर येऊन बसल्या.

नाशिकचा_तिखट
रॉक्सचं चांगलंही कुणीतरी लिहा की! मागचा ॲक्सल पाच लिंकवर आहे आणि ॲक्सल बाजूला सरकू न देणाऱ्या आडव्या पॅनहार्ड रॉडऐवजी वॉट्स लिंक. रॉड एका टोकाला चासीला बांधलेला, त्यामुळे खड्ड्यात ॲक्सल कमानीत, तिरका सरकतो, मागचं बूड हलतं. वॉट्समध्ये तो सरळ वर-खाली. मागच्या सीटवरच्या माणसाला हा फरक आधी कळतो. पण सांधे जास्त, बुश जास्त. चिखलातून आल्यावर तिथे प्रेशरचं पाणी मारून माती काढा, नाहीतर सुकलेली माती बुशला पॉलिश पेपरसारखी घासते. स्टिअरिंगही इलेक्ट्रिक झालंय, तीन दारीचं हायड्रॉलिक पार्किंगला घाम काढायचं.
आणि पेट्रोल फोर-बाय-फोर दिलेली नाही, हे कुणीच लिहिलं नाही? तीन दारीत मिळते, इथे फोर-बाय-फोर हवी तर डिझेलच. मग ऑफिस-घर-ऑफिस पाच किमी करणाऱ्यांचा डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी गाळणी) बुजतो. दिवा लागला की हायवेला २००० आरपीएमच्या वर सलग वीस मिनिटं, मधे बंद करायची नाही.

कोल्हापूरचा_रस्सा
म्हणजे ॲव्हरेज?

नाशिकचा_तिखट
लो रेंजमध्ये मोजू नये. बीपी वाढतं.

गिअरबदलू
बुल बारवाले (पुढे लोखंडी गज लावणारे) अजून आले नाहीत ते बरं. २०१७ पासून बंदी आहे. पुढची धडक चासी कशी शोषते आणि एअरबॅग कधी उघडते हे सगळं त्या लोखंडाने बदलतं. सहा एअरबॅगची गाडी घ्यायची आणि पुढे भिंत बांधायची.

बांधावरून
ओढायचा पट्टा फक्त कंपनीच्या हुकाला. टो बॉलला कधीच नाही, तुटला की गोळीसारखा येतो. पट्ट्यावर मधोमध ओलं पोतं टाका, म्हणजे तुटला तरी खाली पडतो. बघ्यांना पट्ट्याच्या दीडपट लांब उभं करा. ऐकत नाहीत, तरी करा.

मीठमसाला
पोतं ओलं कशाला?

बांधावरून
वजनाला. आणि कोरडं वाऱ्याने उडतं.

नवीन_मालक_२४
पायदान काढलं. आठ बोल्ट निघाले, एक गंजलेला आहे, फिरत नाही.

पाटे_तुटले
गंजतेल मार, रात्रभर ठेव. सकाळी आधी घट्ट करायच्या बाजूला थोडा फिरव, मग सोड. पाना सहा कोनी घे, बारा कोनी नको.