अनुभव धागा: आंदोलनाला गर्दी, मतदार यादीत मात्र नाव नाही

खेळाडू रस्त्यावर उतरले की त्यांच्या बाजूने स्टेटस ठेवणारे पुष्कळ. पण तालमीत, क्रीडा वसतिगृहात, सराव शिबिरात राहणाऱ्या १८-१९ वर्षांच्या मुलामुलींचं नाव यादीत कसं चढतं, आंदोलनात गुन्हा दाखल झाला तर मत जातं का, क्रीडा संघटनेच्या निवडणुकीत मत नक्की कुणाला, यावर सगळा अंदाजपंचे कारभार. ज्यांनी ही कामं हाताखालून घातली आहेत त्यांनी नेमकं लिहा. भाषणं नकोत.

फॉर्मवाला
सुरुवात तारखांपासून. पूर्वी वर्षातून एकच अर्हता दिनांक (ज्या तारखेला वयाची १८ पूर्ण हवीत) असायचा, १ जानेवारी. आता चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. १७ पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो. पहिल्यांदा नाव घालायचं तर फॉर्म ६. पत्ता बदलला किंवा नाव-वय चुकलं तर फॉर्म ८. इथेच गाडं अडतं: गावी नाव असलेला मुलगा पुण्यात येऊन पुन्हा फॉर्म ६ भरतो आणि 'याआधी कुठेही नाव नाही' या घोषणेखाली सही ठोकतो. खोट्या घोषणेला १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे.

वसतिगृहातल्या मुलांना गावचा पत्ता किंवा वसतिगृहाचा, यांपैकी एक निवडता येतो. वसतिगृहाचा हवा असेल तर संस्थाप्रमुखाचं बोनाफाईड जोडा. माझं मत विचाराल तर, ज्याचं शिबीर दर सहा महिन्यांनी हलतं त्याने गावचंच नाव ठेवावं.

बूथवरचा
वरच्यात भर. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणाऱ्यांसाठी: उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत नाव वाढत नाही. त्यात अर्ज आला की हरकतींसाठी सात दिवस ठेवावा लागतो. म्हणजे त्या तारखेच्या किमान दहा दिवस आधी अर्ज आत गेलेला हवा.

महापालिका, जिल्हा परिषदेचं गणित वेगळं. तिथे राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी एका ठराविक तारखेची उचलतो. गेल्या खेपेला ती १ जुलै २०२५ होती. महापालिकेचं मतदान जानेवारी २०२६ ला असूनही त्या तारखेनंतर नाव आलेले बाहेर. हुज्जत केंद्रावर घालून उपयोग नाही.

आणि कार्ड हातात आहे म्हणजे मत आहे, हा समज सोडा. मत यादीतल्या नावाला असतं. कार्ड हरवलं असेल तर आधार, पासपोर्ट, पॅनसारखी पर्यायी ओळखपत्रं चालतात. चौकशीला १९५० नंबर.

कोपऱ्यातला
केंद्रावर गेलात आणि 'तुमचं मत झालंय' असं कळलं तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागा. ओळख पटवणाऱ्या प्रश्नांची उत्तरं दिली की कागदी मतपत्रिका मिळते. ती वेगळ्या पाकिटात जाते आणि नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण प्रकरण कोर्टात गेलं तर तोच पुरावा.

फौजी पैलवान
सैन्यात भरती झालेल्या खेळाडूंना सर्व्हिस व्होटर म्हणून फॉर्म २ भरता येतो. मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने युनिटकडे येते आणि टपालाने परत जाते. रेल्वेतल्या नोकरीला ही सोय नाही आणि स्पर्धेसाठी बाहेर असलेल्या साध्या खेळाडूलाही नाही. परदेशी राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांना फॉर्म ६ए आहे, पण मत द्यायला इथेच यावं लागतं.

प्रश्नकर्ती
दादा, मग गुन्हा दाखल झाला तर नाव जातं का?

फॉर्मवाला
नाही, ताई. नुसत्या एफआयआरने यादीतलं नाव हलत नाही. मतदानाच्या दिवशी तुरुंगात किंवा पोलिसांच्या ताब्यात असाल तर मत देता येत नाही (१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२). जामिनावर असाल तर खुशाल जा. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतल्यांना (गुन्हा घडू नये म्हणून आधीच अडवून ठेवलेल्यांना) मात्र टपाली मत आहे.

खेळाडूची खरी अडचण वेगळी: पासपोर्ट. फौजदारी खटला कोर्टात चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. मग त्या कोर्टाकडून परदेशी जाण्याची परवानगी आणावी लागते. २८ मे २०२३ ला नव्या संसद भवनाकडे निघालेल्या कुस्तीगिरांवर दंगल आणि सरकारी कामात अडथळा अशी कलमं लागली होती. म्हणून आंदोलनाआधी पोलिसांच्या परवानगीचं पत्र लेखी घ्या. त्यात जागा, वेळ आणि माणसांची संख्या असते. मार्ग बदललात की ते पत्र कागदाचा कपटा.

लाल माती
सगळे सरकारी मतदानावर बोलताहेत. क्रीडा संघटनेचं मतदान बघा ना! २१ डिसेंबर २०२३ ला कुस्ती महासंघाच्या अध्यक्षपदासाठी संजय सिंह यांना ४० आणि अनिता श्योराण यांना ७ मतं पडली. मतदार होते राज्य संघटनांचे प्रतिनिधी. दिल्लीत जंतरमंतरवर आंदोलनाला बसलेल्या पैलवानाला खेळाडू म्हणून तिथे मतच नव्हतं. आंदोलनातल्या पैलवान साक्षी मलिकने त्याच दिवशी बूट टेबलावर ठेवून कुस्ती सोडली, ते सगळ्यांनी पाहिलं. त्या निवडणुकीची मतदार यादी मात्र फार थोड्यांनी वाचली असेल. निवडणूक वेळेत न झाल्याने जागतिक कुस्ती संघटनेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महासंघाला निलंबित केलं होतं. फटका बसला खेळाडूंना. सप्टेंबरच्या जागतिक स्पर्धेत तिरंग्याशिवाय उतरावं लागलं.

२०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय क्रीडा संघटनांच्या कार्यकारी समितीत नामवंत खेळाडू आणि किमान चार महिला बंधनकारक केल्या. आपल्या जिल्हा संघटनेची घटना (नियमावली) मागून घ्या. सभासदत्व कुणाला, वर्गणी किती, वार्षिक सभेची नोटीस किती दिवस आधी, मतदानाचा हक्क कोणत्या प्रकारच्या सभासदाला, हे त्यात असतं. नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असेल तर तिथून प्रत मिळते.

बूथवरचा
घटना मागताना अर्जावर पोच घ्या. शिक्का आणि तारीख दोन्ही.