विषय: सिंगापूरला दिवसभराचा मुक्काम, हॉटेलचे पैसे नाहीत

प्रेषक: लातूरकर (विद्यार्थी सदस्य)

नमस्कार मंडळी,

सुट्टी संपत आली, सध्या लातूरलाच आहे. मेलबर्नला परतताना वाटेत व्हिएतनाम फिरायचं ठरवलंय. पाठीवरची एक बॅग, होस्टेलात मुक्काम, आणि पैसे सगळे पार्ट-टाइम कामातून साठवलेले. स्वस्त पडलं म्हणून हैदराबाद-सिंगापूर आणि सिंगापूर-हनोई अशी दोन वेगळी तिकिटं काढली आहेत. सिंगापूरला सकाळी उतरतो, हनोईचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी. हॉटेल अजिबात परवडणार नाही. इतका वेळ विमानतळावरच काढावा की बाहेर पडावं? व्हिसाचं काय? आणि आई विचारतेय, सोबत खायला काय काय चालतं?

आपलाच,
लातूरकर

---

प्रेषक: अंबाजोगाईचा दादा

अरे, आधी एक गोष्ट नीट समजून घे. एकाच तिकिटावर दोन विमानं असली की बॅग पुढे परस्पर जाते आणि तू आतल्या आत ट्रान्झिटमध्ये, म्हणजे विमान बदलण्याच्या भागात, बसू शकतोस. तुझी तिकिटं वेगळी आहेत. बॅग चेक-इनला दिलीस तर ती सिंगापूरला पट्ट्यावर येणार, म्हणजे इमिग्रेशन पार करून बाहेर येणं आलंच, आणि बाहेर यायला परवानगी पाहिजे. शक्यतो सगळं पाठीवरच्या बॅगेतच बसव. स्वस्त कंपन्या केबिन बॅगही तोलतात, तेव्हा घरच्या काट्यावर वजन करून निघ. पहिलं विमान रखडून दुसरं चुकलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. म्हणून तुझा हा लांबलचक मुक्काम मला मुळीच वाईट वाटत नाही. दोन तासांचा असता तर मीच तुला रागावलो असतो.

व्हिसाबद्दल: भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला एरवी व्हिसा लागतो. पण ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपान अशा काही देशांचा चालू व्हिसा असेल आणि आपण तिसऱ्या देशात जात असू, तर 96 तासांची विनाव्हिसा ट्रान्झिट सवलत मिळते. तुझा विद्यार्थी व्हिसा त्यात बसतो, फक्त त्याची किमान महिनाभराची मुदत शिल्लक पाहिजे आणि पुढचं तिकीट पक्कं पाहिजे. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, त्यामुळे मंजुरीचं पत्र छापून जवळ ठेव. त्यासोबत हनोईचं तिकीट आणि व्हिएतनामचा ई-व्हिसा, तेही कागदावर. शेवटी आत घ्यायचं की नाही हे तिथला अधिकारीच ठरवतो, आणि हैदराबादला काउंटरवरही हेच कागद मागतील.

सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. ते पूर्ण फुकट आहे. त्याचे पैसे मागणाऱ्या साइट आहेत, त्यांच्या नादी लागू नकोस.

लातूरची बस झहीराबादवरून आली तर मियापूर-कुकटपल्लीलाच उतर. तिथून विमानतळाला पुष्पक बस मिळते. टॅक्सीचे पैसे वाचव, ते सिंगापूरला दोन वेळच्या जेवणाला होतील.

---

प्रेषक: नांदेडहून

दादांनी कागदपत्रांचं सांगितलं, मी फिरण्याचं सांगतो.

बाहेर पडच. सकाळपासून रात्रीपर्यंत एका मेट्रो मार्गावर तुझा दिवस निघतो आणि खर्च फक्त तिकिटांचा. विमानतळाच्या स्टेशनवरून एक्स्पोला जायचं, तिथे डाऊनटाऊन लाइन पकडायची आणि तीच धरून राहायचं. लिटिल इंडिया स्टेशनला लागूनच टेक्का सेंटर आहे, खाली खाण्याची दुकानं. इडली, डोसा, भात सगळं मिळतं, आणि विमानतळावरच्या मानानं फार स्वस्त. त्याच मार्गावर पुढे बोटॅनिक गार्डन्स. ही बाग 2015 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, प्रवेश फुकट, फक्त ऑर्किडच्या भागाला तिकीट. झाडाखाली पाठ टेकून दुपार काढ, पण पाऊस कधीही येतो, प्लास्टिकचा रेनकोट बॅगेत वरच ठेव. संध्याकाळी त्याच लाइननं बेफ्रंटला ये. गार्डन्स बाय द बेमधल्या त्या उंच लोखंडी झाडांवर रोज पावणेआठला आणि पावणेनऊला दिव्यांचा खेळ असतो, तोही फुकट. पहिला बघ आणि परत फीर, कारण शेवटची गाडी चुकली तर टॅक्सीत दिवसभराची सगळी बचत जाईल.

आणि जेवणाचं अजून एक. टाउनर रोडवर सेंट्रल सिख टेंपल आहे, लिटिल इंडियापासून फार लांब नाही. आम्हा नांदेडकरांना लंगर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. लहानपणापासून सचखंड हुजूर साहिबच्या पंगतीत बसलोय, तिथे कोण कुठला हे कुणी विचारलं नाही. परदेशातल्या गुरुद्वारातही तोच नियम. डोकं झाकून, पाय धुऊन आत जा, ताटात घेतलेलं संपव, जमलं तर भांडी घासायला हात लाव. फुकट जेवण मिळतं म्हणून नको, श्रद्धेनं जा.

---

प्रेषक: परभणीची काकू

पोरा, फिरण्याचं सगळे सांगतात, झोपेचं कुणी सांगत नाही. तू लातूरहून दिवसभराचा प्रवास करून रात्रीच्या विमानात बसणार. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. म्हणजे तिथे सकाळचे सात वाजतील तेव्हा तुझ्या शरीराचे साडेचारच झालेले. डोळा न लागता तसाच उन्हात हिंडलास तर हनोईला आजारी पडून उतरशील, आणि परक्या गावात डॉक्टर हॉटेलपेक्षा महाग. इमिग्रेशनकडे जायची घाई करू नकोस. आधी आतच झोप. चांगी विमानतळावर आत आडवं होता येईल अशा खुर्च्यांच्या जागा आहेत, पैसे लागत नाहीत. पासपोर्ट आणि पैसे अंगावरच्या पिशवीत, बॅगेचा पट्टा पायात अडकव. आत एसी फार गार असतो, आईची जुनी शाल घे. मग तोंड धुऊन बाहेर जा.

रात्री परत आल्यावर बोर्डिंग पास हातात असेल तर पुन्हा आत जाऊन झोपता येतं. पण व्हिएतनामचा व्हिसा काउंटरवर तपासतात, त्यामुळे पास ऑनलाइन मिळेलच असं धरू नकोस. काउंटर उघडेपर्यंत बाहेरच्या भागात बसावं लागलं तर ज्युएल या विमानतळालगतच्या मॉलच्या बाजूला न जाता टर्मिनलमध्येच उजेडाच्या, वर्दळीच्या जागी बस.

आता आईसाठी. धपाटे दह्यात भिजवू नका म्हणावं, लवकर आंबतात. पाण्यात मळून, तेल सढळ लावून, नीट भाजून, पूर्ण गार झाल्यावर कापडात बांधायचे. शेंगदाण्याची चटणी कोरडी चालते. तेलातला ठेचा, लोणचं, दही यांना 100 मिलीचा नियम लागतो, सुरक्षा तपासणीत टाकून द्यावं लागतं. खोबऱ्याच्या वाट्या तर नकोच. वाळलं खोबरं पटकन पेट घेतं, म्हणून चेक-इन बॅगेतही चालत नाही. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळी-मसाल्याचं कोरडं पीठ, नक्की द्या. होस्टेलच्या स्वयंपाकघरात पाणी उकळलं की आमटी तयार, भात तिथे मिळतोच.

रिकामी बाटली घे. सिंगापुरात नळाचं पाणी पिता येतं. चांगीच्या पहिल्या तीन टर्मिनलांत सुरक्षा तपासणी गेटजवळ होते, तिथे पोहोचण्याआधी बाटली संपव. आणि कुणी मित्रानं तंबाखूची पुडी दिली तर घरीच ठेव. खायची तंबाखू तिकडे नेणं गुन्हा आहे, च्युइंगम सुद्धा नको.

---

प्रेषक: लातूरकर

काकू, दादा, सगळ्यांना मनापासून नमस्कार. आईनं काकूंची मेल दोनदा वाचून घेतली. खोबरं बाजूला ठेवलं, येसर वाटायला घेतलाय. चेक-इन बॅग नेतच नाही. सकाळी आत झोपणार, मग टेक्का सेंटर, बाग, दिव्यांचा पहिला खेळ आणि परत. टाउनर रोडलाही जाणार. एकच राहिलं, उरलेला येसर मेलबर्नला नेला तर चालेल का?

---

प्रेषक: अंबाजोगाईचा दादा

विमानात जे कार्ड देतात त्यावर खाण्याचे पदार्थ आहेत असं स्पष्ट लिही आणि अधिकाऱ्याला पाकीट उघडून दाखव. जाहीर केलेलं फार तर काढून घेतील. लपवलेलं सापडलं तर दंड जागेवर होतो, आणि विद्यार्थी व्हिसावर असताना ती जोखीम घेऊ नये. येसराच्या पुडीवर त्यात काय काय आहे ते इंग्रजीत लिहून चिकटव.